समोरचे बुवा

डबलबारीला दोन बुवा लागतात. सिंधुदुर्गात कुणाला हे सांगायला गेलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील, कारण भाकरीला तवा लागतो असं सांगण्यासारखंच ते आहे. एक बुवा आपली पेटी, पखवाज आणि झांजवाले घेऊन इकडे बसतो, दुसरा तिकडे. पहिला अभंग, गवळण गातो, पुराणातला एखादा खोचक प्रश्न गाण्यातूनच टाकतो आणि जाता जाता समोरच्याची दोन ओळींत टोपी उडवतो. मग दुसऱ्याची बारी. त्यानं त्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे जुळवून द्यायचं आणि टोपीही परत करायची. सगळी मजा त्या आयत्या वेळच्या उत्तरात असते. लोक देवाच्या नावासाठी येतात असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ते भांडण ऐकायला येतात आणि देवालाही त्यात काही वावगं वाटत असेल असं मला वाटत नाही.

गावाकडे बुवा उदंड, त्यामुळे तिथे माझा नंबर कधी लागला नाही. कुवेतमध्ये मात्र पहिला लागला, कारण दुसरा नव्हताच.

गावी असताना संगीताच्या धंद्यात मी एकदाच शिरलो होतो. तालुक्याच्या गावी भजनांच्या व्हीसीडी काढणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडे मी गायलो आणि व्हीसीडी निघालीसुद्धा. वर फोटो दुसऱ्याच बुवांचा होता. विचारायला गेलो तर म्हणाला, ‘‘आवाज तुमचोच आसा, बुवा. पण ह्यांचो फोटो खपता.’’ लोकांनी ती व्हीसीडी आवडीनं ऐकली आणि त्या दुसऱ्या बुवांना चार सुपाऱ्या जास्त मिळाल्या. माझी आई बरीच वर्षं आल्यागेल्याला ती दाखवत असे आणि फोटोवर अंगठा धरून म्हणे, हा बघू नका, ऐका.

मग मी एसी दुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि इकडे आलो. राई नावाच्या भागातल्या वर्कशॉपमध्ये काम, जलीब भागात राहणं. एका खोलीत आम्ही सगळे कोकणातले, कुणी सुतार, कुणी वेल्डर, कुणी ड्रायव्हर. त्यातला वेंगुर्ल्याकडचा सुतार पखवाज वाजवायचा. पखवाज आणायला विमानात जागा मिळाली नव्हती, म्हणून तो सुटकेसवर वाजवायचा. त्याच्या बोटांत इतकी गोडी होती की शेजारच्या खोलीतले बंगाली लोकसुद्धा तक्रार करायला येऊन दारात बसून राहायचे. पुढे कुणाच्या तरी सामानातून खरा पखवाज आला. पेटी मिळाली, झांजा मिळाल्या. सगळं जमलं, फक्त समोर बसायला कुणी नव्हतं.

मराठी माणसं इथे रग्गड आहेत. त्यांचं मंडळ आहे, मंडळाला कार्यकारिणी आहे, कार्यकारिणीत भांडणं आहेत, म्हणजे सगळं रीतसर आहे. दर वर्षी ते मुंबईहून हास्यकलाकार आणतात, लावणी आणतात, सुगम संगीत आणतात. डबलबारीचं नाव काढलं की सेक्रेटरी विचारत, ‘‘म्हणजे नेमकं कोण आणि कोण?’’ सेक्रेटरी पुण्याचे, तेल कंपनीत इंजिनिअर. प्रश्न अगदी बरोबर विचारायचे आणि तेच मला आवडत नसे.

एका वर्षी त्यांनी लकी ड्रॉच्या आधी मला थोडा वेळ दिला. मी एकट्यानं डबलबारी करायचं ठरवलं. स्टेजच्या डाव्या बाजूला बसून प्रश्न टाकायचा, उठून उजव्या बाजूला जायचं आणि उत्तर द्यायचं. सुतार म्हणाला, ‘‘बुवा, माजा काय? मी पखवाज घेवन तुमच्या पाठसून धावू?’’ त्याला मध्यभागी बसवलं. मी डावीकडून उजवीकडे दोनदा गेलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांनी मोठ्या प्रेमानं सांगितलं, माइकची वायर शोधताय का, ती मागे आहे. लोक हसले. डबलबारीत लोकांनी हसावंच लागतं, पण हे ते हसणं नव्हतं. मी खाली उतरलो आणि लकी ड्रॉमध्ये मला मिक्सर लागला.

मला काय हवं होतं ते सरळच सांगतो. मला प्रसिद्धी हवी होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हवी होती ती एक खरी बारी. समोर खरा बुवा असावा, त्यानं असा प्रश्न टाकावा की माझ्या घशाला कोरड पडावी, आणि माझ्या तोंडून मलाच माहीत नसलेली ओळ निघावी. गावी ते मिळालं नाही आणि वय तर होत चाललं होतं.

एका क्लिनिकमध्ये एसी बंद पडला म्हणून गेलो होतो. उन्हाळा ऐन भरात होता, म्हणजे एसी मेकॅनिकला देवाखालोखाल मान मिळण्याचे दिवस. मी शिडीवर होतो आणि खाली ड्रेसिंगच्या खोलीत एक नर्स फोनवर आपल्या नणंदेशी भांडत होती. मालवणीत. फणसाच्या वाटणीवरून काहीतरी होतं. तिचा आवाज बरा होता, पण जीभ अव्वल होती. नणंदेचं प्रत्येक वाक्य ती उचलून, उलटं करून, तिच्याच दारात ठेवत होती आणि हे करताना हातातली पट्टी एका पेशंटच्या गुडघ्याला सफाईनं गुंडाळत होती. मी फिल्टर हातात धरून ऐकत राहिलो. फोन ठेवून ती वर बघून म्हणाली, ‘‘व्हॉट इज द प्रॉब्लेम?’’

मी म्हटलं, ‘‘कुडाळाकडची मां तुमी?’’

ती मंगफला राहायची. नवरा रिफायनरीत टेक्निशियन, मुलगी इथल्याच शाळेत, मालवणी सगळी समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. पेटी या सिस्टरना, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, शाळेपासून येत होती. माझं म्हणणं ऐकून त्या हसल्या. ‘‘भजन? माका? माजी शिफ्ट कधी संपता ता माकाच कळना नाय.’’ नवऱ्यानं मात्र उचलून धरलं. बायकोचं भांडण दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जात असेल तर कुठला नवरा आडवा येईल?

मग सिस्टरनी अट घातली. पुराणं वाचायला त्यांना वेळ नव्हता. तेव्हा प्रश्न मी आधी सांगायचे, आणि उत्तरंही मीच लिहून द्यायची. मी विचार केला. लग्नात भटजी दोन्हीकडचे मंत्र एकटाच म्हणतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही. मी हो म्हटलं. एकदा उत्तरं लिहायला बसल्यावर टोप्या उडवायच्या ओळीही आल्याच. म्हणजे मी माझ्यावरच्या टीकाही लिहू लागलो, आणि सांगायला हरकत नाही, त्या फार छान जमू लागल्या. सिस्टरवर लिहिताना मला जरा भीड पडायची. स्वतःबद्दल लिहिताना हात असा सुटायचा की आवरावा लागे. माणसाची खोड जितकी त्याला माहीत असते तितकी शत्रूला कुठली?

दर शुक्रवारी मंगफला त्यांच्या फ्लॅटमध्ये तालीम चालायची. मी त्यांना रीत शिकवली. समोरच्याला कितीही झोडपा, पण ‘बुवा’ म्हणूनच झोडपायचं. बाई असली तरी बुवाच. पहिल्यांदा मी त्यांना ‘बुवा’ म्हटलं तेव्हा मुलीनं आतल्या खोलीतून मान बाहेर काढून ‘‘सीरियसली?’’ विचारलं आणि दार लावून घेतलं.

पहिली बारी कोकणातल्या लोकांच्या एका जमण्यात झाली, अब्बासियातल्या हॉलमध्ये. मी प्रश्न टाकला. शंकराच्या डोक्यावर गंगा होती, मग हलाहलानं घसा जळत असताना तो घोटभर पाणी का प्याला नाही? लोक सरसावून बसले. सिस्टरनी पदर खोचला, पेटी पुढे ओढली, थोडा वेळ थांबल्या. हे थांबणंसुद्धा मीच शिकवलं होतं. मग उत्तर आलं: पाणी प्याला असता तर विष पोटात उतरलं असतं, आणि त्याच्या पोटात तर सगळं जग आहे, दुसऱ्यासाठी घेतलेलं विष घशातच धरायचं असतं. सभागृहातून ‘वा’ आलं. आणि त्यावर त्यांनी गजर सुरू केला:

‘‘बुवांचा कॉम्प्रेसर घरघरतो भारी,
थंडीचा पत्ता नाही, गरम हवा सारी.’’

हॉल उसळला. लोक खुर्च्यांवर चढले. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. सुतारानं तर माझ्या पक्षाचा पखवाजवाला असूनही हसता हसता चुकीच्या जागी थाप मारली. मी मान खाली घालून बसलो होतो, हरलेल्या बुवानं बसायचं तसं. आतून मात्र मी असा फुललो होतो की विचारू नका. ओळ माझी होती.

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. आठवडाभरात ते कणकवली, सावंतवाडी, मुंबई असं फिरून जलीबच्या आमच्या खोलीत परत आलं. सिस्टर ‘कुवेतची महिला बुवा’ झाल्या. मीही प्रसिद्ध झालो. बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध आणायला गेलो तर तिथला केरळी माणूस, ज्याला मराठीचा गंध नाही, तो मला बघून तोंडानं कॉम्प्रेसरचा आवाज काढायचा. राईत एका शोरूमच्या मराठी मॅनेजरनी मला काम देताना विचारलं, ‘‘थंड हवा येईल ना, बुवा?’’ व्हीसीडीवर दुसऱ्याचा फोटो होता म्हणून मी रडलो होतो. आता फोटो माझाच होता, फक्त नाव कॉम्प्रेसर होतं.

मग मुंबईहून एक म्युझिक व्हिडिओ आला. कुठल्याशा कंपनीनं तोच गजर एका चांगल्या गायिकेकडून गाऊन घेतला होता. मागे गिटार, ढोल, समुद्रावर नाचणाऱ्या मुली. खाली श्रेयनामावली होती. संगीत अमुक, संयोजन तमुक, आणि गीत: पारंपरिक. पाठोपाठ मला सूचना आली की माझ्या यूट्यूब चॅनलवर मी टाकलेल्या बारीत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं वापरलेलं आहे. माझा व्हिडिओ उतरला. खटपट करून मी कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं की ही ओळ मी रचली आहे. तो फार नम्र होता. म्हणाला, ‘‘पण बुवा, व्हिडिओत तर त्या मॅडम तुम्हाला आयत्या वेळी उत्तर देताना दिसतात. तुमच्यावरची टीका तुम्ही कशी लिहाल? आणि पारंपरिक म्हणजे मोठा मान आहे हो. जिवंतपणी कुणाला मिळत नाही.’’

मी फोन ठेवला. त्याचं म्हणणं खोडून काढायचं तर बारी ठरवून केली होती असं जाहीर सांगावं लागलं असतं. कुणाकुणाला सांगणार? मी दोन दिवस चिडून होतो आणि मग एका व्हिलातला डक्ट साफ करायला गेलो.

पण खरी गंमत पुढेच होती. मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. ‘‘बुवा, आनंदाची बातमी. यंदा आपण कोकणातून मोठे बुवा आणतोय. डबलबारी.’’ त्यांनी नाव सांगितलं. ते नाव ऐकून आमच्याकडे लोक भात ताटात ठेवून उठतात. मी लहानपणी झाडावर बसून त्यांना ऐकलं होतं. माझ्या तोंडाला खरोखरच कोरड पडली. इतक्या वर्षांनी समोर बसायला माणूस येत होता आणि कुवेतमध्ये बुवा मी होतो.

‘‘त्यांच्यासमोर सिस्टर बसतील,’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘लोकांची तीच मागणी आहे. फक्त एक शंका होती. त्या बुवांची अट आहे, ठरवून केलेली बारी ते करत नाहीत. समोरचा खरोखर आयत्या वेळी उत्तर देणारा असेल तरच येणार. तुम्हीच सांगा, तुम्ही समोर होतात. सिस्टरांचं ते उत्तर आयत्या वेळचं होतं ना?’’

पुण्याचा माणूस, प्रश्न अगदी बरोबर.

मी वर्कशॉपच्या बाहेर उभा होतो. एका हातात गॅसचं सिलिंडर, दुसऱ्यात फोन. ‘नाही’ म्हणालो असतो तर ओळ माझी ठरली असती, गीत पारंपरिक राहिलं नसतं आणि कदाचित जागाही माझी झाली असती. सिस्टर मात्र कुवेतभर खोट्या ठरल्या असत्या. शिफ्ट संपवून, पाय सुजलेले असताना, माझ्या हौसेपायी पेटीवर बसणारी ती बाई. आणि ठरवून केल्याचं कळलं तर मोठे बुवा कदाचित आलेच नसते, तेही खरं. मी तेवढा संतही नाही. ते आले पाहिजेत, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं.

‘‘आयत्या वेळचंच,’’ मी म्हटलं.

‘‘मग तुम्ही खरंच हरलात म्हणायचं,’’ सेक्रेटरी हसून म्हणाले.

‘‘हरलो.’’

सिस्टरना हे सांगायला मंगफला गेलो तर त्या माझ्यावरच उखडल्या. ‘‘आयत्या वेळचा? तुमका येड लागला काय? तो माणूस काय इचारतलो ता तुमका म्हायत आसा?’’

‘‘नाय.’’

‘‘मगे मी मेलंय.’’

शेवटी असं ठरलं की मी त्यांच्या पाठीमागे झांजवाल्यांत बसायचं. प्रश्न आला की झांजेच्या गलक्यात पुढे वाकून उत्तर सांगायचं. कागद नको, नुसती ओळ. महिनाभर मी त्यांना जमतील तेवढ्या कथा सांगितल्या, प्रश्नांचे अंदाज बांधले. त्या भात शिजवताना, इस्त्री करताना ऐकायच्या आणि मधूनच म्हणायच्या, ‘‘ह्या पटना नाय माका.’’ मी म्हणायचो, पटायचं नाही, पाठ करायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरून वाहत होता. परवानगीच्या अर्जात भजनाचं नाव न काढता ‘सांस्कृतिक संध्याकाळ’ असं म्हटलेलं होतं आणि लोक जत्रेला आल्यासारखे आले होते. मोठे बुवा आता थकले होते. स्टेजवर चढताना त्यांना हात द्यावा लागला. पण पेटीला हात लागला आणि पहिला स्वर निघाला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी झांज मांडीवर धरून, सिस्टरच्या पाठीकडे बघत तो ऐकला. त्यांच्या पाठीशी बसल्यामुळे मला मोठे बुवा धड दिसतही नव्हते.

त्यांनी प्रश्न टाकला. हनुमंत संजीवनी आणायला गेला, त्याला मुळी ओळखता आली नाही, म्हणून अख्खा डोंगर उचलून आणला. ज्याला औषध ओळखता येत नाही, त्याला शहाणा कशासाठी म्हणायचं?

साधा प्रश्न. लहान मुलालाही पडेल असा. आणि माझ्या एकाही अंदाजात तो नव्हता. सिस्टरनी पेटीवर बोटं ठेवली आणि त्या गप्प झाल्या. हे थांबणं मी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. लोक वाट बघत होते, सुतारानं ठेका धरून ठेवला होता.

आणि मला ओळ सुचली. खरंच सुचली. भक्तीला वजन नसतं, म्हणून त्याला डोंगर जड वाटला नाही, अशी काहीतरी सुरेख, मात्रांत बसलेली, यमक जुळलेली. माझी स्वतःची, आयत्या वेळची, त्या माणसाच्या प्रश्नाला दिलेली. मी पुढे वाकलो आणि त्यांच्या कानाशी ती सांगितली.

सिस्टरनी ती ऐकली. मान किंचित हलली, म्हणजे ऐकलीच. मग त्यांनी पेटीचा भाता ओढला आणि गायल्या:

‘‘नाव शोधत बसला असता, गेला असता प्राण,
आधी पोचला पेशंटपाशी, म्हणून तो हनुमान.’’

मग मागच्या रांगांतून आवाज उठला. इथल्या हॉस्पिटलांतल्या सगळ्या मराठी नर्सा तिथे बसल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या. पलीकडून मोठ्या बुवांनी पेटीवरचे दोन्ही हात उचलून जोडले.

मला राग आला. लपवून काय करू, फार राग आला. भजनात ‘पेशंट’. मात्रा लंगडत होत्या. माझी ओळ हिच्यापेक्षा कितीतरी नीट होती, आणि ती आता कुणालाच ऐकू येणार नव्हती. जी बारी मला जन्मभर हवी होती ती माझ्यापासून हातभर अंतरावर चालू होती. समोर खरा बुवा होता, घशाला कोरड पडली होती, कुणालाच माहीत नसलेली ओळ निघाली होती. फक्त ती दुसऱ्याच्या तोंडून निघाली होती.

पण झांजवाल्याला रागावून चालत नाही. बुवानं टाकलेली ओळ कोरसनं उचलायची असते, ती पडू द्यायची नसते. सिस्टर श्वास घ्यायला थांबल्या. आता आमची वेळ होती. मी झांज उचलली, तोंड उघडलं आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत, ती ओळ ‘पेशंट’सकट उचलली.